गोंदणाचे संग्राहक

अलीकडे आपल्या मोठ्या शहरांतून एक नवा वर्ग दिसू लागला आहे. हा वर्ग अंगावर गोंदवून घेतो. आणि गोंदवून घेतो एवढेच न म्हणता, आपण गोंदणांचा ‘संग्रह’ करतो असे म्हणतो. यांचा डावा दंड बंगळूरच्या एका कलावंताचा असतो, उजवा मुंबईच्या; पोटरी गोव्यात हंगामापुरत्या उतरलेल्या एखाद्या परदेशी कारागिराची असते, आणि पाठ कोणा नामवंताची तारीख मिळेपर्यंत राखून ठेवलेली असते. पूर्वी काही गृहस्थ आपण कोणकोणत्या मंत्र्यांच्या पंक्तीला जेवलो हे बोटांवर मोजून सांगत. तसे हे आपल्या अंगावर कोणकोणाचे हात फिरले ते मोजून सांगतात. ‘टॅटू कलेक्टर’ हा शब्द पश्चिमेकडून आला आणि आपल्याकडे तो पदवीसारखा मिरविला जाऊ लागला. आमचा आक्षेप गोंदवून घेण्यास नाही. आमचा आक्षेप या पदवीस आहे, आणि ती ज्या उथळपणाने मिळविली जाते त्यास आहे.

प्रारंभीच एक गैरसमज दूर करणे इष्ट. गोंदणाचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या पंथाचे आम्ही नाही. आपल्या पांढरपेशा मराठी घरांतून आजीच्या हनुवटीवरचा हिरवट ठिपका आणि मनगटावरचे तुळशीवृंदावन हे एक-दोन पिढ्यांपूर्वी सहज दिसे. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, घरे शहरात आली, आणि गोंदण हे अडाणीपणाचे, खेडवळपणाचे लक्षण ठरले. ज्यांनी आजीच्या गोंदणास हसून ते घराबाहेर घालविले, त्यांचीच नातवंडे आज ‘टॅटू’ या नावाखाली तेच हजारो रुपये मोजून परत आणीत आहेत. पिकते तिथे विकत नाही, ही म्हण इतकी तंतोतंत क्वचितच लागू पडत असेल. तेव्हा नाक मुरडणाऱ्यांशी आमचे भांडण जुनेच आहे. आजचे भांडण आहे ते प्रेम करतो म्हणणाऱ्यांशी. कारण तिरस्काराने एखाद्या कलेचे जेवढे नुकसान होते त्याहून अधिक नुकसान अज्ञानी प्रेमाने होऊ शकते.

संग्रह म्हणजे काय, हे बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. बदलीच्या नोकरीत माणूस काही ना काही गोळा करीतच असतो. कोणी नाणी जमवितो, कोणी तिकिटे, कोणी ज्या ज्या प्रांतात राहिला तेथील विणकामाचे नमुने. नाण्यांचा खरा संग्राहक नाणे हाती घेताच त्याची टांकसाळ ओळखतो, धातू ओळखतो, झीज किती आणि खोट किती हे सांगतो. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. ज्या वस्तूंना त्या काळी अडगळ म्हणत, त्यांत त्यांना कारागिराचा हात दिसला. संग्राहकाची लक्षणे या एका उदाहरणात पुरेपूर आली आहेत: वस्तूचे ज्ञान, तिच्या उगमाची चौकशी, तिची जपणूक, आणि शेवटी ती दुसऱ्याच्या हाती सोपविण्याची वृत्ती.

यांतील शेवटचे लक्षण अंगावरच्या गोंदणास लागू पडू शकत नाही, हे उघड आहे. गोंदण मृत्युपत्राने देता येत नाही. आपल्या जुन्या बायकांची श्रद्धा अशी की, सोने-नाणे सारे इथेच राहते, गोंदण तेवढे बरोबर येते. जी वस्तू मागे उरत नाही तिच्या बाबतीत संग्राहकाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. शेवटचे लक्षण वजा जाता पहिली तीन तरी काटेकोरपणे पाळली गेली पाहिजेत. म्हणून आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे गोंदण दहा वर्षांनी कसे दिसेल? ते कोणाच्या हातचे आहे? आणि त्यातील रेषा मुळात कोणाची आहे?

पहिला प्रश्न गुणवत्तेचा. आजच्या शौकिनांत गोंदणाची गुणवत्ता ठरते ती पहिल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रावर. कातडी ताणलेली, वर मलम चोपडलेले, प्रकाश अनुकूल, रेषा केसासारखी बारीक, आणि छाया अशी की जणू पेन्सिलीने काढली आहे. त्या छायाचित्रास वाहवा मिळते, कलावंताचा भाव वाढतो, आणि विषय संपतो. वास्तविक गोंदणाचा जन्म त्या दिवशी होतो, परीक्षा नव्हे. सुईने शाई कातडीच्या वरच्या थरात राहत नाही. तो थर काही आठवड्यांत झडून जातो. ती त्याखालच्या थरात जाते, आणि तेथील भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, या पेशी मरतात तेव्हा कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. म्हणजे ज्याला आपण स्थिर चित्र समजतो ती वस्तुतः एका हातातून दुसऱ्या हातात सतत सोपविली जाणारी ठेव आहे. या देवघेवीत आणि उन्हात, वयात, अंगाच्या जाड-बारीक होण्यात, रेषा हळूहळू फुगते, कडा विरघळतात, जवळजवळ काढलेल्या दोन रेषांची एक होते.

हे ज्याला ठाऊक आहे तो कारागीर रेषांमध्ये जागा सोडतो. मध्य प्रदेशातील मंडला-दिंडोरी भागातील बैगा स्त्रियांच्या हातापायांवरचा गोदना ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही गोष्ट पटेल. ठिपके आणि सरळ रेषा, त्यांच्या ओळीवर ओळी, आणि दोन ओळींत पुरेसे अंतर. साठी-सत्तरीच्या बाईच्या सुरकुतलेल्या हातावरही ती नक्षी वाचता येते. जिला अक्षरओळख नाही अशा गोदनारीला कातडीचे भविष्य कळत होते. आणि कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या आमच्या काही कलावंतांना छायाचित्रापलीकडचे दिसत नाही, हे नमूद करताना आम्हाला आनंद होत नाही. जाड, मोकळ्या, काळ्या रेषेला ‘जुनाट’ म्हणून बाजूस सारणारा शौकीन आणि पहिल्याच धुण्यात रंग जाणाऱ्या लुगड्यास भुलणारा गिऱ्हाईक यांत फरक तो काय? नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

गुणवत्तेत आणखी एक बाब येते, ती आरोग्याची. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून गोंदणाच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले, आणि एका निळ्या व एका हिरव्या रंगद्रव्यास वर्षभराची मुदत देऊन तीही जानेवारी २०२३ पासून त्यांत आणली. आपल्याकडील किती संग्राहक बाटलीवर काय लिहिले आहे हे वाचतात? कलावंताने पूर्वी कोणास गोंदले हे त्यांना तोंडपाठ असते. सुई कोणत्या वेष्टनातून काढली हे आठवत नसते. जत्रेत बॅटरीच्या यंत्रावर एकाच सुईने दहा जणांची नावे गोंदणारा मनुष्य पाहून हेच लोक हळहळतात. हळहळ योग्यच आहे. पण स्वच्छता ही दुकानाच्या काचेवरून आणि पाटीवरून ठरत नाही, हे हळहळणाऱ्यांनी स्वतःसही सांगावे.

दुसरा प्रश्न हाताचा. येथे शौकीन उत्साहाने पुढे येईल आणि म्हणेल की, हाताची कदर तर आम्हीच करतो, कलावंताचे नाव तर आम्हीच घेतो. नाव घेणे आणि हात ओळखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फिलिपीन्स देशातील कलिंगा प्रांतात बुस्कालान नावाचे डोंगराळ खेडे आहे. तेथील व्हांग-ओद या वृद्धेचा जन्म १९१७ चा. काटा बसविलेली काठी, काजळीची शाई आणि काठीवर ठोके देणारी दुसरी काठी, एवढ्या साधनांवर तिने जन्मभर गोंदले. तिचे नाव जगभर पसरले. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘व्होग’च्या फिलिपीन्स आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ती झळकली. देशोदेशींचे शौकीन डोंगर चढून तिच्या दारी जाऊ लागले. वय झाल्यावर नक्षी काढण्याचे काम तिच्या नातींनी हाती घेतले आणि ती स्वतः शेवटी तीन ठिपके देऊ लागली. हे तीन ठिपके म्हणजे तिची सही. येणाऱ्या कित्येकांना त्या तीन ठिपक्यांवाचून दुसरे काही नकोच असते!

या घटनेचा अर्थ वाचकांनी नीट मनात घ्यावा. कलिंगांच्या नक्षीत जे होते, पराक्रमाची खूण, वयात आल्याची खूण, कुळाची खूण, ते सारे गळून पडले आणि उरली ती सही. चित्राविना सही विकत घेणाऱ्यास चित्रकलेचा संग्राहक म्हणता येईल काय? आम्ही त्या वृद्धेस किंचितही दोष देत नाही. तिने आपल्या भाच्या-नातींना ती विद्या दिली आणि गावाला पोट भरण्याचे एक साधन दिले. दोष आहे तो डोंगर चढून जाऊनही काही न पाहता परतणाऱ्यांचा.

याच्या उलट जपानची रीत पाहावी. तेथे गोंदणावर १८७२ पासून १९४८ पर्यंत सरकारी बंदी होती, आणि अजूनही अनेक सार्वजनिक स्नानगृहांत गोंदलेल्या माणसास प्रवेश मिळत नाही. तरीही जुन्या पद्धतीने गोंदवून घेणारा मनुष्य एक गुरू निवडतो आणि वर्षानुवर्षे त्याच्याकडे जातो. पाठ, खांदे, मांड्या मिळून एकच चित्र होते. त्यात पार्श्वभूमीचे पाणी आणि वारा कोणत्या ऋतूचा, आणि त्या ऋतूस कोणते फूल शोभते, याचाही विचार असतो. कॅलिफोर्नियाचा डॉन एड हार्डी १९७३ मध्ये जपानला गेला तो हीच विद्या पाहण्यासाठी, आणि परतल्यावर १९७४ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत असे दुकान काढले की जेथे भिंतीवरच्या तयार नमुन्यांऐवजी प्रत्येकासाठी वेगळे चित्र आखले जाई. आजच्या ‘संग्राहक’ संस्कृतीचे एक मूळ तेथे आहे. मूळ चांगले होते. पण पुढे त्याच हार्डीची चित्रे टोप्यांवर आणि बनियनांवर छापून जगभर विकली गेली, आणि नाव राहून हात गेला. नावाच्या मागे लागणाऱ्यांच्या वाट्यास शेवटी नावच येते.

तिसरा प्रश्न रेषेचा, आणि तोच आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. दुकानांतील नमुन्यांच्या वहीत एक सदर असते, ‘ट्रायबल’. त्याखाली पॉलिनेशियातील नक्षी, बोर्निओतील नक्षी, नागांची नक्षी, बैगांची नक्षी, सारे एका पोत्यात भरलेले असते. ‘ट्रायबल’ हे कोणाचेही नाव नव्हे. ‘इतर’ या शब्दाचे ते दुसरे रूप आहे. आणि कचेरीत काम करणाऱ्या कोणासही ठाऊक आहे की, ज्या फायलीवर ‘इतर’ असे लिहिले जाते ती पुन्हा उघडली जात नाही.

गोंदणाचा संग्रह या शब्दाला एक काळा इतिहास आहे, तो या शौकिनांनी एकदा वाचावा. न्यूझीलंडचे माओरी लोक चेहऱ्यावर जे गोंदण कोरून घेत त्यास मोको म्हणतात. त्यातील प्रत्येक वळणात त्या माणसाचे कुळ आणि प्रतिष्ठा लिहिलेली असे. मृत आप्ताचे अथवा वीराचे मस्तक ते जतन करून ठेवीत. युरोपीय खलाशांना या मस्तकांचा लोभ सुटला. मस्तकाच्या मोबदल्यात बंदुका मिळू लागल्या. बंदुकांची निकड एवढी की, गुलामांना पकडून त्यांच्या चेहऱ्यावर घाईघाईने निरर्थक नक्षी गोंदावी, त्यांना मारावे आणि मस्तक विकावे, येथवर पाळी गेली. १८३१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नराने या व्यापारास बंदी केली. तरी रोब्ली नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने पुढे पस्तीस मस्तके जमविली. त्याने मोकोवर १८९६ मध्ये एक ग्रंथही लिहिला. म्हणजे तो अज्ञानी नव्हता. त्यांतली तीस मस्तके न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने १२५० पौंडांस घेतली. ती स्वदेशी परत जाण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

या इतिहासातील एक गोष्ट आमच्या विषयाच्या मुळाशी जाते. संग्राहकांच्या मागणीने मोकोची चोरी झाली, एवढेच घडले नाही. मागणीने मोको खोटा झाला. जी नक्षी वाचता येत होती ती निरर्थक झाली, कारण विकत घेणाऱ्यास ती वाचावयाची नव्हतीच. गिऱ्हाईक अडाणी असले की माल खोटा होतो, हा बाजाराचा नियम कातडीसही लागू आहे. लंडनच्या वेलकम संग्रहात गोंदलेल्या मानवी कातडीचे सुमारे तीनशे तुकडे आहेत. १९२९ मध्ये ते पॅरिसमध्ये विकत घेतले गेले. जहाजे, हृदये, बायकांची मुखे, नावांची आद्याक्षरे, सारे त्यांवर आहे. ते अंग कोणाचे, एवढेच नाही. उगमाची चौकशी न करणारा संग्रह शेवटी कसला होतो, याचा हा नमुना काचेत ठेवलेला आहे.

आजचा शौकीन कोणाचे मस्तक कापीत नाही, हे आम्हास मान्य आहे. पण मंडल्याच्या बाईच्या पाठीवरची नक्षी छायाचित्रावरून उचलून, तिच्या मधल्या चार ओळी ‘बसत नाहीत’ म्हणून गाळून, वर एखादे फूल जोडून, ती ‘ट्रायबल’ या नावाने दंडावर घेणारा मनुष्य त्याच वाटेवरचा प्रवासी आहे. बैगा स्त्रियांना गोंदण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बादी जमातीच्या स्त्रियांनी केले. रामतिळापासून, म्हणजे आपल्या कारळ्यापासून, केलेली काजळी आणि सुयांचा जुडगा एवढ्यावर त्यांचा संसार चाले. व्हेरिअर एल्विनने १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात या गोदन्याची नोंद घेतली. आता गोंदवून घेणाऱ्या मुली कमी झाल्या, आणि गोदनारीच्या सुनेने दुसरे काम धरले. तिची नक्षी शहरात हजारोंच्या भावाने विकली जात असताना तिचे नाव त्या दुकानाच्या वहीत नाही, आणि त्या हजारांतला एक रुपयाही तिच्या गावी पोहोचत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ज्याचे अंग त्याचे; त्याने काय गोंदवावे हे सांगणारे तुम्ही कोण? अंग त्याचे आहे यात शंका नाही. पण नक्षी त्याची नाही, आणि ‘संग्राहक’ ही पदवी तर मुळीच त्याची एकट्याची नाही. ती समाजाने द्यावयाची असते. ज्यास केवळ हौस करावयाची आहे त्याने खुशाल करावी. आम्ही हौसेच्या आड येत नाही. मात्र हौसेस विद्येचे नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये की, गोदना ही पुष्कळदा सक्ती होती. लहान मुलीस दोघींनी धरून तिच्या कपाळावर सुया टोचल्या जात. हे खरे आहे, आणि म्हणूनच आज जी बैगा मुलगी कपाळ गोंदवून घेण्यास नकार देते तिच्या बाजूने आम्ही निःसंकोच उभे आहोत. शौकिनांच्या नेत्रसुखासाठी तिने रडावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. सुईमागे इच्छा कोणाची, हा प्रश्न सदैव विचारला पाहिजे. कारण तीच सुई सत्तेच्या हातीही गेलेली आहे. कंपनी सरकारच्या अमलात बंगालमध्ये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई, आणि त्यासही गोदना हेच नाव होते. १८४९ मध्ये कायद्याने ती प्रथा बंद झाली. स्वतंत्र भारतातही १९९३ मध्ये अमृतसर येथे पोलिसांनी काही स्त्रियांच्या कपाळावर ‘खिसेकापू’ या अर्थाचे शब्द गोंदविले; न्यायालयाने संबंधितांस शिक्षा केली ती २०१६ मध्ये.

पण सक्ती संपली म्हणजे विद्याही संपावी, असे कोठे आहे? बिहारमधील जितवारपूरच्या दुसाध समाजातील स्त्रियांनी गोदन्याची नक्षी कातडीवरून कागदावर आणि कापडावर आणली. चानो देवी या त्यांतील अग्रणी. त्याच परंपरेतील शांती देवी आणि शिवन पासवान यांस २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणा मुलीच्या अंगास सुई न लावता त्यांनी ती रेषा राखली, आणि रेषेबरोबर आपले नावही राखले. नागालँडमध्ये कोन्याक समाजातील फेजिन कोन्याक यांनी गावोगाव फिरून गोंदलेल्या वृद्धांची छायाचित्रे पीटर बॉस यांच्या साहाय्याने घेतली, नक्षींचे अर्थ टिपले, आणि २०१७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंदणाचा संग्राहक ही पदवी कोणास द्यावयाचीच असेल तर ती अशांना. चेहऱ्यावर गोंदलेले कोन्याक वृद्ध आता एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे गोंदणही जात आहे. जे टिपले गेले तेवढेच राहील.

आता थोडे आपल्याविषयी. आमचे वाचक बहुतांशी सरकारी सेवेत आहेत, आणि सरकारची गोंदणाकडे पाहण्याची दृष्टी आपल्याला कागदोपत्री ठाऊक आहे. सेवापुस्तिकेत ‘ओळखीची खूण’ या रकान्यात आपण गोंदणाची नोंद करतो आणि पुढच्या रकान्याकडे वळतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीचा नियम सांगतो की, गोंदण डाव्या, म्हणजे सलामी न देणाऱ्या, हाताच्या आतल्या बाजूस किंवा पंजाच्या पाठीवर चालेल. आकार त्या अवयवाच्या एक चतुर्थांशाहून कमी असावा. सैन्याच्या नियमांत आदिवासी उमेदवारांस त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. नियमास मोजमाप लागते, हे आम्ही जाणतो. रोज तेच काम करतो. पण नियमापुरते पाहून डोळे मिटण्याची सक्ती कोणत्याही परिपत्रकात नाही. आणि ‘आदिवासी रूढी’ एवढे दोन शब्द लिहून थांबणारा कागद आणि ‘ट्रायबल’ एवढा एक शब्द लिहून थांबणारी दुकानाची वही, यांत आम्हास फारसे अंतर दिसत नाही.

आपल्यापैकी कोणी वनखात्यात मंडल्यास आहे, कोणी बँकेत सरगुज्यास, कोणी लेखापरीक्षणात कोहिमास. ज्या स्त्रियांच्या अंगावर शेवटची अस्सल नक्षी उरली आहे त्या आपल्या टेबलासमोर निवृत्तिवेतनाच्या आणि शिधापत्रिकेच्या कामासाठी उभ्या असतात. शहरातील शौकिनास जे हजारो रुपये टाकून मिळत नाही ते आपल्यास रोज दिसते. काम आटोपल्यावर, तिची इच्छा असेल तर, दोन प्रश्न विचारण्यास काय हरकत आहे? या नक्षीस तुमच्या बोलीत काय म्हणतात, आणि ती कोणी गोंदली? उत्तर तिच्या शब्दांत, तिच्या नावासह, लिहून ठेवावे. छायाचित्र घ्यावयाचे तर तिची परवानगी घ्यावी, आणि एक प्रत तिच्या हाती द्यावी. स्वतःच्या अंगावर एक ठिपकाही न घेता आपण या मार्गाने संग्राहक होऊ शकतो.

आणि शौकिनांस आमचे सांगणे इतकेच: गोंदवा, अवश्य गोंदवा. पण दहा वर्षांपूर्वी गोंदलेला हात दाखवा असे कलावंतास म्हणा, ताज्या छायाचित्रावर भुलू नका. सहीपेक्षा चित्र मागा. आणि जी रेषा अंगावर घेणार ती कोणाची, हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती घेऊ नका, आणि मिळाले तर त्या लोकांचे नाव घेऊनच ती दाखवा व शक्य असेल तर त्यांचा मोबदला त्यांना पोहोचवा. एवढे केल्यावर तुम्हास कोणी संग्राहक म्हणो वा न म्हणो, फरक पडणार नाही. एवढे न करता अंगभर गोंदविलेत, तर पाहणाऱ्यास तुमची कातडी रंगलेली दिसेल. संग्रह दिसणार नाही.